सायकलवरचा मुराळी

कळसच्या सावळारामला सगळं गाव 'सायकलवाला' म्हणायचं, आणि त्यात कौतुक कमी, चेष्टाच जास्त असायची. सायकली काय, गावात पुष्कळांकडं होत्या. नव्वद सालानंतर तर फटफट्याही यायला लागल्या होत्या. पण ऐन दिवाळीत सायकल काढून एकटाच डोंगरात निघून जाणारा माणूस सगळ्या पंचक्रोशीत हा एकच.

तो भवानीनगरच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार होता. गव्हाणीतून ऊस वर चढवणाऱ्या साखळ्यांना वंगण घालायचं, एवढंच त्याचं काम. तिथं आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं. पाळी संपवून घरी आला तरी त्याच्या डोक्यात साखळ्या फिरतच असायच्या. बायको सारजा जेवायला वाढायची तेव्हा हा ओरडून म्हणायचा, "मीठ दे!" ती म्हणायची, "मी काय मोळ्या चढवाय लागलेय व्हय? हळू बोला की."

तर असा हा माणूस भाऊबीज तोंडावर आली की सोबतच्या कामगाराशी पाळी बदलून घ्यायचा, सायकलच्या कॅरियरला घोंगडं आणि भाकऱ्यांचं गाठोडं बांधायचा आणि मावळतीकडं निघायचा. पाच-सहा दिवस गायब. लोक म्हणायचे, "सावळाराम, यस्टी बंद पडली का काय?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "यस्टीतनं मेंढराची घंटी ऐकू येती व्हय?" हे उत्तर कुणाला कळायचं नाही, आणि समजावून सांगत बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

उत्तर साधं होतं. त्याची बहीण वाड्यावर होती. वाडा म्हणजे धनगरांचा चालता संसार. चार-सहा घरांची मेंढरं, घोड्यांवर लादलेली बिऱ्हाडं, कुत्री, कोंबड्या, पाठीला बांधलेली लेकरं. दसरा झाला की वाडा डोंगराकडं निघतो, रानोमाळ बसत बसत घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाच्या आधी माघारी येतो. सावळारामाचा जन्म असल्याच एका वाड्यावर झाला होता. घरात मुलीवर मुली होत गेल्या तेव्हा आजीनं शेवटच्या मुलीचं नाव ठेवलं नकोशी, म्हणजे देवाला तरी कळावं. देवाला कळलं. नकोशीच्या पाठीवर सावळाराम झाला.

नकोशीला या नावाचं कधी वाईट वाटलं नाही. उलट तिचा तोराच असायचा. "मी नगं झाले म्हनून तू आलास," ती त्याला म्हणायची. "माझं उपकार हायत तुझ्यावर. मोठा झाल्यावर फेड." आई घोड्यांच्या आणि कोकरांच्या मागं असायची, त्यामुळं सावळारामला कडेवर घेऊन चालायचं काम नकोशीकडं. स्वतः एवढीशी, आणि कमरेवर हे धूड. पुरंदरच्या पायथ्यापासून घाटाच्या तोंडापर्यंतचा सगळा मुलूख त्यानं पहिल्यांदा पाहिला तो बहिणीच्या कमरेवरून.

पुढं कालव्याचं पाणी जवळ आलं आणि बापानं मेंढरं विकून कळसला जमिनीचा तुकडा धरला. पण तोवर नकोशी नीरेपलीकडच्या जोतीरामला दिलेली होती, आणि जोतीरामाचा वाडा काही थांबला नाही. भावाचा संसार एका जागी बसला, बहिणीचा चालतच राहिला.

आता सासुरवाशीण माहेरी यायची तर मुराळी लागतो. भाऊ न्यायला येतो, सासरचा पाहुणचार घेतो आणि बहिणीला घेऊन निघतो. एकटी बाई माहेरच्या वाटेला लागली तर तिला कुणी विचारणारं नाही, असा त्याचा अर्थ होतो. पण ज्या घराला भिंतीच नाहीत, जे आज या शिवारात तर परवा त्या शिवारात, तिथं मुराळ्यानं जायचं कुठं? म्हणून सावळाराम सायकल घेऊन वाडा हुडकत निघायचा. आणि वाडा सापडावा म्हणून नकोशीनं एक युक्ती काढली होती.

वाडा उठतो तेव्हा चूल मोडायची रीत आहे. तीन दगड उलटेपालटे करून टाकायचे. मांडलेली चूल मागं सोडली तर घरातलं कुणीतरी मागं राहतं, असं म्हाताऱ्या बाया सांगतात. नकोशी दिवाळीच्या दिवसांत चूल मोडायची नाही. तीन दगड तसेच ठेवायची आणि वाडा ज्या दिशेला गेला त्या दिशेला चुलीचं तोंड करून ठेवायची. सासू होती तोवर चोरून, सासू गेल्यावर राजरोस. सावळाराम यायचा, काळे पडलेले दगड बघायचा, तोंड कुठं आहे ते बघायचा आणि सायकल तिकडं वळवायचा. ती चूल एकदाही खोटं बोलली नव्हती.

एवढंच असतं तर ते कर्तव्य झालं असतं. पण खरं सांगायचं तर सावळाराम बहिणीसाठी जायचा तितकाच त्या वाटेसाठीही जायचा, आणि हे त्यानं सारजालासुद्धा कधी सांगितलं नाही. बारामती मागं पडली, मोरगावचा चढ संपला की तो डांबरी सडक सोडून द्यायचा. मेंढरांच्या जुन्या वाटेनं, ओढ्याकाठच्या गाडीवाटेनं वीरच्या म्हस्कोबाला जायचा, देवापुढं डोकं टेकायचा आणि तिथून नीरा नदी धरून वर डोंगरात शिरायचा. मध्ये एकदाच सातारची मोठी सडक आडवी यायची. ट्रकांच्या रांगेत फट मिळेपर्यंत तो सायकल धरून उभा राहायचा आणि पलीकडं गेल्यावर मागं वळून बघायचा नाही. पुढं नुसते डोंगर. भाताची खाचरं, कारवीची रानं, एखादी पाण्याला निघालेली बाई. चढ आला की उतरून सायकल ढकलायची, उतार आला की पाय वर घेऊन सोडून द्यायची. चाकाखाली खडी वाजते तेवढाच आवाज. असा तासभर गेला की त्याच्या डोक्यातल्या साखळ्या थांबायच्या. मग लांबच्या डोंगराच्या कुशीतून मेंढराची घंटी ऐकू यायची, आणि तीही कुठल्या बाजूनं, किती अंतरावर, हे त्याला बरोबर उमगायचं.

वाडा दिसला की तो सायकलची घंटी वाजवायचा. कुत्री ओळखून शेपटी हलवत यायची. नकोशी हातातलं काम टाकून उठायची आणि म्हणायची, "आला बाई माझा मुराळी." कणकेच्या दिव्यानं ओवाळायची आणि सायकलच्या हँडलला लोकरीचा एक गोंडा बांधायची. जुना काढायचा नाही, त्याच्या शेजारी नवा बांधायचा. गोंड्यांचा झुबका हँडलला झाला होता. माहेरी मात्र ती येत नसे. मेंढरं, कोकरं, मुलगा दादासो, मग सून. "पुढल्या वर्साला," म्हणायची. मुराळी दोन दिवस राहायचा आणि रिकामाच परत फिरायचा.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीच्या आधी लोकरीचा व्यापार करणारे मोहनराव डोंगरातून आले आणि मुद्दाम कळसला वाकडी वाट करून सावळारामच्या दारात थांबले.

"नकोशीबाईचं पाय सुजल्यात," ते म्हणाले. "चालवत न्हाय. घोड्यावर बसवून नेत्यात. दमबी लागतुया. मला म्हनल्या, सावळ्याला सांगा, ह्या बारीला नुसतं ओवाळून घ्यायला यऊ नगंस, मला न्यायला यं."

जोतीराम वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सारजाच लगेच म्हणाली, "आन की त्यास्नी. मी करते त्यांचं. जल्मभर चालल्या, आता बसू द्या बाईला." तिनं कडब्याची खोली झाडून काढली, सारवली, कोपऱ्यात घोंगडं अंथरून ठेवलं. सावळारामनं पोत्यात लोकर भरली, ते सायकलच्या कॅरियरवर सुतळीनं आवळून गादी केली. सारजाला त्यावर बसवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "आक्का माझ्यापरीस हलक्या हायत," ती म्हणाली. "बसतील निवांत." त्या घरात एवढं हसणं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

पण त्या वर्षी भाऊबीजेला पाळी बदलून मिळेना. दरवर्षी ज्याच्याशी पाळी बदलून घ्यायचा तो संभाजी म्हणाला, "सावळाराम, माजी भन हितं सांगवीला. मी सकाळी जातो आन सांजच्याला येतो. मग तू जा." सावळारामला वाटलं, बरोबर आहे, त्यालाही बहीण आहेच. संभाजी गेला, तो भाच्याच्या हट्टानं तिथंच रमला आणि दोन दिवस परतलाच नाही. सावळाराम साखळ्यांना वंगण घालत राहिला. घसा फोडून ओरडला असता तरी तिथं कुणाला ऐकू गेलं नसतं, म्हणून ओरडलाही नाही. निघाला तेव्हा भाऊबीज होऊन गेली होती.

आता मात्र तो जीव तोडून पाय मारत होता. वीरला म्हस्कोबापुढं सायकलवरूनच हात जोडले. नदीकाठच्या पहिल्या शिवारात चूल दिसली, तोंड मावळतीला. पुढच्या टेकाडाखाली दुसरी, तीही मावळतीला. राख गार, लेंड्या वाळलेल्या. वाडा बराच पुढं गेला होता. भोर ओलांडून तो डोंगरात शिरला. तिथं ज्यांच्या वावरात वाडा दरवर्षी बसायचा ते आबासाहेब बांधावरच भेटले. म्हातारा माणूस, दर वर्षीचा ओळखीचा.

"उशीर केलास रं," ते म्हणाले. "तुजी भन सारखी मागं वळून बगत हुती घोड्यावरनं. गेलं त्येस्नी लई दिस झालं. घाटाच्या तोंडाला बसलं असतील न्हाय तर उतरलंबी असतील."

सावळारामचं तोंड उतरलं. म्हाताऱ्याला दया आली असावी. त्यांनी हातानं दरीच्या पलीकडची बाजू दाखवली. "खिंड चढून फाट्यावरनं जाऊ नगंस. पल्याडच्या अंगानं नवा रस्ता काढलाय, धरनाच्या कामाचा. अजून गाड्या सोडल्या न्हाईत. सपाट हाय. नीट घाटाच्या तोंडाला निघतोस."

नेहमीची वाट खिंडीतून चढून पलीकडं उतरायची आणि एका उंबराच्या झाडापाशी डांबरी रस्त्याला मिळायची. तो उंबराचा फाटा. लहानपणापासून त्याची वाट तीच, आणि नकोशीला ती पाठ होती. पण खिंड चढायची म्हणजे अर्धा दिवस सायकल ढकलायची. झालेला उशीर भरून काढायचा होता. त्यानं नदी ओलांडली आणि तो नव्या रस्त्याला लागला.

काय रस्ता होता तो! नुकताच मुरूम टाकून दाबलेला, तांबडा, डोंगराच्या कडेकडेनं अलगद चढत गेलेला. माणूस नाही, जनावर नाही, गाडीचा तर वासही नाही. खाली दरीत पिकलेलं भात, पलीकडच्या अंगाला डोंगराच्या रांगा एकामागं एक निळ्या होत गेलेल्या. सायकल आपोआप चालल्यासारखी चालली होती. सावळारामचे पाय दुखायचे थांबले. डोक्यातल्या साखळ्या केव्हा थांबल्या ते त्याला कळलंही नाही. इतक्या वर्षांत इतकी निवांत वाट त्याला कधी मिळाली नव्हती. परत येताना मागच्या गादीवर आक्का असेल, तिला इथून नेऊ, तिला दाखवू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या आनंदात त्यानं उगाचच सायकलची घंटी वाजवली. दरीत तिचा आवाज घुमला. मग पुन्हा वाजवली, लहान पोरासारखी, नुसता आवाज घुमतो म्हणून. पन्नाशीच्या त्या माणसाचा तो आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. तो तसा असायला नको होता.

दुपार कलताना तो घाटाच्या तोंडाला पोचला. वाडा उठला होता. माळावर मेंढरं कोंडायच्या जाळ्या ठोकल्याच्या खुणा होत्या, लेंड्या अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या, मेंढरांची वाट घाटाकडं उतरलेली स्पष्ट दिसत होती. आणि कडेला नकोशीची चूल होती. तिचं तोंड उगवतीला होतं.

सावळाराम चुलीपुढं उकिडवा बसला. चूल म्हणत होती, माघारी जा. लेंड्या म्हणत होत्या, वाडा खाली उतरला. तो वाड्यावर वाढलेला माणूस. इथं संध्याकाळी कोकणातला वारा घाट चढून वर येतो आणि मावळतीला तोंड केलेल्या चुलीतला धूर बाईच्या डोळ्यांत जातो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वाऱ्यामुळं आक्कानं चूल फिरवली असणार, आणि आजारपणात निघताना दगड पुन्हा वळवायचं विसरली असणार. "आक्का, म्हातारी झालीस गं," तो स्वतःशी हसून म्हणाला. जी चूल कधी खोटं बोलली नव्हती, तिचं त्यानं त्या दिवशी ऐकलं नाही. लेंड्यांचं ऐकलं आणि घाट उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याच्या रानात त्याला वाडा सापडला. त्यानं घंटी वाजवली. कुत्री आली. दादासो जाळीतून कोकरू काढत होता, तो मान वर करून त्याच्या मागच्या रिकाम्या गादीकडं बघतच राहिला.

"मामा, आई कुटाय?"

"म्हंजी? तिलाच न्यायला आलोय की."

दादासोनं कोकरू खाली ठेवलं. "आई तुमच्याकडंच गेलीया. घाट उतरवंना म्हनली. म्हनली, सावळ्या वाटंवरच आसल, मला उंबराच्या फाट्यावर नेऊन सोडा, तितनं चुकायचा न्हाय त्यो. घोड्यावर घालून मीच सोडलं. यस्टीत बसवतो म्हनलं तर आयकंना. मुराळी येनार आसताना मी एकली जाऊ व्हय, म्हनली. मी थांबतो म्हनलं तर वराडली माज्यावर. मेंढरं घाटात शिरली हुती, मामा. तुमी फाट्यावरनं आला न्हाईसा?"

सावळारामनं सायकल फिरवली. बहीण चूल फिरवायला विसरली नव्हती. जाताना घोड्यावर बसण्याआधी त्या सुजलेल्या पायांनी वाकून तिनं दगड वळवले होते, की बाबा, मी तुझ्याकडं येतेय, पुढं जाऊ नकोस.

घाट चढताना त्याला किती वेळा धाप लागून बसावं लागलं याला गणती नाही. दादासो घोडं घेऊन मागं येतो म्हणाला होता, त्याच्यासाठी तो थांबला नाही. वर पोचेपर्यंत दिवस बुडाला. पहाट फुटायच्या सुमाराला तो पुन्हा निघाला, या वेळी डांबरी रस्त्यानं.

उंबराच्या फाट्यावर एक चहाची टपरी होती. ती चालवणाऱ्या द्वारकाबाईनं लांबूनच सायकल पाहिली, हँडलला लोंबणारा गोंड्यांचा झुबका पाहिला आणि हातातली किटली खाली ठेवली. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"लई उशीर केला दादा तुमी," ती म्हणाली.

नकोशीला जाऊन एक दिवस झाला होता. गावकऱ्यांनी चांगुलपणानं ओढ्याच्या काठाला माती दिली होती. द्वारकाबाई सांगत राहिली आणि सावळाराम सायकलला धरून उभा राहिला. म्हातारी टपरीत यायला तयार नव्हती. झाडाखालीच बसून राहिली, खिंडीच्या वाटेकडं तोंड करून. भाकरी दिली तर अर्धी खायची, अर्धी ठेवायची, भावाला लागेल म्हणून. गावातल्या लोकांनी दवाखान्यात नेतो म्हटलं तर झाडाला धरून बसली. मी इथनं हलले आणि तो आला तर, म्हणाली. रस्त्यानं सायकलची घंटी वाजली की उठून उभी राहायची. शाळेची पोरं असायची, दूधवाला असायचा. मग पुन्हा बसायची.

"परवाच्याला दुपारी आशीच उटली," द्वारकाबाई म्हणाली. "म्हनली, आला. घंटी वाजली. मी भाईर यऊन बगितलं तर रस्त्याला कुनी न्हाय. म्हनलं, आजी, कुठं वाजली? तर दरीच्या पल्याड बोट दाखवलं. म्हनली, तिकडनं. दोनदा वाजली. मला तर काय बी ऐकू आलं न्हाय दादा. पल्याडचा रस्ता तर अजून सुरूबी न्हाय. तिला भास झाला आसल. लई वेळ उबी राहिली. मग बसली, ती पुन्यांदा उटली न्हाय."

सावळारामच्या तोंडातून आवाज फुटला, तो रडण्याचा होता की आणखी कशाचा, हे द्वारकाबाईला कळलं नाही. भास नव्हता, हे तो तिला सांगू शकला नाही. बहिणीचे कान धनगराचे होते. घंटी कुठल्या बाजूनं, किती अंतरावर, हे तिलाही बरोबर उमगलं होतं. फक्त ती आपल्याकडं येत नाही, लांब चालली आहे, हेही तिला उमगलं असणार.

द्वारकाबाईनं टपरीतून नकोशीचं गाठोडं आणून दिलं. एक लुगडं, कणकेचा वाळून तडकलेला दिवा, आणि लोकरीचा नवा गोंडा. सावळारामनं गोंडा हातात घेतला, पण हँडलला बांधला नाही. तो बहिणीनं बांधायचा असतो.

मग त्याची नजर झाडाच्या मुळाशी गेली. तिथं तीन दगड मांडलेले होते. काळे पडलेले नव्हते. आत राखेचा कण नव्हता.

"त्या रातीच मांडली तिनं," द्वारकाबाई म्हणाली. "बसल्या जागी सरकत सरकत. म्हनलं, जळान देऊ का आजी, च्या करताय का? तर म्हनली, ही सैपाकाची न्हाय. मी सकाळी उचलनार व्हते दगडं, पर हात झाला न्हाय."

चुलीचं तोंड उगवतीला होतं. तिकडं खिंड, खिंडीपलीकडं नदी, आणि नदी धरून गेलं की वीर, मोरगाव, बारामती आणि कळस. सावळाराम चुलीपुढं बसला. समोरच्या रस्त्यानं माणसं आली आणि गेली. ऊन चढलं. दादासो घोडं घेऊन पोचला, मामाच्या शेजारी बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. जाताना त्यानं रीतीप्रमाणं चूल मोडायला हात पुढं केला, तर सावळारामनं त्याचा हात धरला.

तो खिंड चढून, नेहमीच्या वाटेनं, चुलीनं सांगितल्या दिशेनं परत आला. सायकलवर बसला नाही. सगळी वाट तिला हाताला धरून चालवत आणली. डोंगर तसेच होते, वाट तशीच निवांत होती, आणि तिच्यात आता ऐकण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी तो दारात आला तेव्हा सारजा हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, नणंदेवरून ओवाळून टाकायला. तिनं गादीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि तांब्या उंबऱ्यावरच ठेवला. कडब्याच्या खोलीतलं घोंगडं बरेच दिवस तसंच अंथरलेलं होतं. ते कुणी उचलायचं, हे दोघांपैकी कुणाला ठरवता आलं नाही.

सावळाराम अजून सायकलनंच कारखान्यावर जातो. गोंडे हँडलला तसेच आहेत, वंगणानं काळे पडलेले. दिवाळीत आता तो पाळी बदलून घेत नाही, उलट दुसऱ्यांच्या पाळ्या करतो आणि साखळ्यांच्या आवाजात उभा राहतो. सायकलची घंटी मात्र त्यानं घरी आल्या दिवशीच पान्यानं उचकटून काढली आणि विहिरीत टाकली. भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची दाटी असते. बिनघंटीचा सावळाराम मागून आला की गाडीवान दचकतात आणि खेकसतात, "आरं, घंटी वाजवायला काय हुतंय तुला?" तो सायकलवरून उतरतो, बाजूला उभा राहतो आणि गाड्या पुढं जाऊ देतो.